भट्टीच्या छतावरचे पाणी

अमेरिकेच्या ओहायो राज्यात मेडिना नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा समजायला हरकत नाही. तेथे दरवर्षी उन्हाळ्यात शेतकऱ्यांची जत्रा भरते. गाईगुरे, भाजीपाला, खाण्यापिण्याची दुकाने यांच्या जोडीला जुन्या शेतीयंत्रांचे प्रदर्शनही असते. २००१ साली ही जत्रा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, २९ जुलैच्या रविवारी संध्याकाळी, वाफेवर चालणारा एक अजस्र ट्रॅक्टर मैदानात आला. विस्कॉन्सिन राज्यातल्या रेसीन गावच्या केस कंपनीने तो १९१८ साली बनवला होता. वजन सुमारे १८ टन, ताकद ११० अश्वशक्ती. एके काळी असे ट्रॅक्टर मळणीयंत्रे फिरवीत, एकदम दहा-बारा फाळांचे नांगर ओढीत. आता हे काम त्यांच्याकडे राहिलेले नव्हते. काही हौशी माणसे आपल्या पदरच्या पैशाने अशी यंत्रे सांभाळीत, सुट्टीच्या दिवशी त्यांत वाफ धरीत आणि लोकांना दाखवीत.

त्या संध्याकाळी मैदानातच या ट्रॅक्टरचा बॉयलर फुटला. पाच माणसे मृत्युमुखी पडली, चाळीसहून अधिक जखमी झाली. मृतांत हे यंत्र हौसेने सांभाळणारी माणसेही होती.

इंजिन ८३ वर्षांचे होते, जुने झाले होते, म्हणून फुटले, असे म्हणून अशी बातमी आपण बाजूला ठेवतो. आम्हीही प्रथम तसेच केले होते. पण हा तर्क टिकत नाही. आपल्याकडचे ‘फेअरी क्वीन’ हे आगगाडीचे इंजिन १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे बनले, म्हणजे मेडिनाच्या ट्रॅक्टरपेक्षा ६३ वर्षांनी ते जुने. १९०९ साली निवृत्त झालेले हे इंजिन दुरुस्त होऊन १९९७ साली पुन्हा रुळांवर धावले आणि दिल्ली-अलवर मार्गावर त्याने प्रवासी नेले. तेव्हा नुसते वय हे कारण नव्हे. खरे कारण पाहायचे तर जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागते, कारण मेडिनात जे चुकले ते १८०३ सालापासून माणसाला ठाऊक होते.

त्याआधी बॉयलरचे मर्म समजून घेऊ. वर्गात करण्याजोगा एक जुना प्रयोग आहे. साध्या कागदाचा द्रोण करून त्यात पाणी घ्यावे आणि तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावा. पाणी उकळते, पण कागद जळत नाही. ज्योतीचे तापमान कितीही असो, पाणी कागदाची उष्णता सतत काढून घेते आणि कागद शंभर अंशांच्या फारसा वर जाऊ शकत नाही. द्रोणात पाणी कमी होत जाऊन कागदाचा एखादा भाग कोरडा पडला की तेवढाच भाग पेटतो. बॉयलर हा लोखंडी द्रोणच आहे असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

आगगाडीच्या इंजिनाचा आणि मेडिनाच्या ट्रॅक्टरचा बॉयलर एकाच जातीचा. मागच्या बाजूला पोलादी पत्र्याची पेटीसारखी भट्टी. ती भट्टी एका मोठ्या पिंपाच्या पोटात बसवलेली, त्यामुळे तिच्या चारही अंगांना आणि डोक्यावरही पाणी. आत हजार अंशांहून तापलेला जाळ, बाहेरून पाणी, मध्ये सेंटिमीटरभर जाडीचा पत्रा. या पेटीचे छत सपाट असते आणि तेच सगळ्यांत नाजूक ठिकाण. जाळ थेट त्याच्यावर आदळतो आणि पाण्याची पातळी उतरली की सर्वांत आधी तेच उघडे पडते.

आता थोडे गणित करू. बॉयलरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला ९ किलोग्रॅम आहे असे समजा. छताचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरले तर त्यावर ९० टनांचा भार येतो. सपाट पत्रा एवढा भार पेलूच शकत नाही. म्हणून त्याला वरच्या कवचाशी जोडणाऱ्या आटे पाडलेल्या सळ्या दाटीवाटीने बसवतात. दहा-दहा सेंटिमीटरवर एक सळई असेल तर प्रत्येक सळई ९०० किलोग्रॅमचा भार घेऊन लोंबत असते. छतावर पाणी आहे तोवर पत्र्याचे तापमान पाण्यापेक्षा काही दशक अंशांनीच जास्त असते. पाणी उतरले की थोड्याच वेळात पत्रा लालसर होऊ लागतो. पोलाद वितळायला पंधराशेच्या आसपास अंश लागतात हे खरे, पण सहाशे अंशांच्या सुमारासच त्याची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. मग तो मऊ पत्रा सळ्यांच्या डोक्यांवरून निसटतो, एखाद्या सदऱ्याच्या काजांतून गुंड्या निसटाव्यात तसा.

खरा घात त्यानंतर होतो. ९ किलोग्रॅम दाबाखाली पाणी सुमारे १७९ अंशांवर उकळते. पत्रा फाटताच दाब एकदम हवेच्या दाबाएवढा होतो आणि १७९ अंशांचे पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही. जास्तीची उष्णता वापरून त्यातले सुमारे १५ टक्के पाणी क्षणात वाफ होते. म्हणजे एक लिटर पाण्यातून जवळजवळ २५० लिटर वाफ! बॉयलरमध्ये हजार लिटर पाणी असेल तर अडीचशे घनमीटर वाफ झाली. एका मोठ्या वर्गखोलीत मावणार नाही एवढी. विद्यार्थ्यांकडून हे गणित अवश्य करून घ्यावे. बॉयलरमधल्या वाफेपेक्षा बॉयलरमधले पाणीच अधिक घातक असते, हे त्यांना त्यातून आपोआप कळेल.

आता १८०३ सालाकडे वळू. जेम्स वॉट यांची इंजिने हवेच्या दाबापेक्षा किंचितच जास्त दाबाची वाफ वापरीत. कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी जास्त दाबाची, आकाराने लहान आणि ताकदीने मोठी इंजिने बनवायला सुरुवात केली. त्यांतले एक लंडनजवळ ग्रीनिच येथे पाया खणण्याच्या जागी पाणी उपसत होते. ८ सप्टेंबर १८०३ रोजी त्याचा बॉयलर फुटला आणि चार माणसे दगावली. इंजिनाची देखरेख एका पोराकडे होती. तो पायाच्या खड्ड्यात बाम मासे पकडायला गेला आणि इंजिन एका मजुराच्या हवाली करून गेला. इंजिन फार जोराने धावू लागले म्हणून त्या मजुराने ते बंद केले, पण वाफेचा दांडा ज्या पान्याने दाबून ठेवला होता तो पाना काढायचे राहिले. वाफेला बाहेर पडायला वाट उरली नाही.

वॉट यांच्या गोटाला ही आयतीच संधी मिळाली. जास्त दाबाची वाफ म्हणजे माणसे मारण्याचा धंदा, असा प्रचार सुरू झाला. ट्रेव्हिथिक यांनी त्याला उत्तर दिले ते कारागिराच्या पद्धतीने. पुढच्या बॉयलरांना त्यांनी एकाऐवजी दोन सुरक्षा झडपा बसवल्या आणि भट्टीच्या छताला एक भोक पाडून त्यात शिशाचे बूच ठोकले. शिसे ३२७ अंशांवर वितळते. पाणी छतावर आहे तोवर बूच घट्ट. पाणी उतरले की पत्रा मऊ पडण्याच्या कितीतरी आधी शिसे वितळणार, भोकातून वाफ भट्टीत घुसणार, जाळ मंदावणार आणि मोठा आवाज करून माणसाला सावध करणार. एका मूलद्रव्याच्या वितळणबिंदूचा इतका नेमका उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

हे सगळे असूनही पुढची साठ-सत्तर वर्षे बॉयलर फुटतच राहिले, विशेषतः अमेरिकेतल्या नद्यांवरच्या आगबोटींचे. लोक त्याला नाना कारणे देत. तापलेल्या लोखंडावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो आणि त्याचा भडका उडतो, ही उपपत्ती तर चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही प्रिय होती. कोणी विजेला दोष देई. ही उत्तरे इतकी का आवडत? आमच्या मते त्यांतून एक सोय होत असे. कारण गूढ असले की कुणाला जबाबदार धरावे लागत नाही! फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १८३० साली सरकारी अनुदान घेऊन या प्रश्नावर प्रयोग सुरू केले. वैज्ञानिक संशोधनाला अमेरिकी केंद्र सरकारने दिलेले हे पहिलेच अनुदान समजले जाते. अलेक्झांडर डॅलस बाश यांच्या नेतृत्वाखाली या मंडळींनी बॉयलर खरोखरच तापवून, फोडून पाहिले आणि हायड्रोजनच्या कल्पनेला काही आधार नाही असे दाखवून दिले. १८३६ साली आलेल्या त्यांच्या अहवालाचे सार साधेच होते. पाणी कमी पडणे, दाब वाढू देणे, वाईट पत्रा, वाईट बांधणी आणि निष्काळजी माणसे ही कारणे पुरेशी आहेत.

याच प्रयोगांत एक आडबाजूची पण फार महत्त्वाची गोष्ट हाती लागली. शिशाऐवजी कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूंची बुचे काही ठिकाणी वापरीत. दाबाखाली दीर्घकाळ राहिल्यावर त्यांतला लवकर वितळणारा भाग हळूहळू पिळून बाहेर निघतो आणि उरलेला भाग ठरल्या तापमानाला वितळत नाही, असे दिसून आले. पुढे १९१५ साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने कथिलाच्या बुचांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही असाच प्रकार आढळला. कथील २३२ अंशांना वितळते. पण जुन्या बुचांत अशुद्धीमुळे कथिलाचे ऑक्साइड झाले होते आणि ते वितळायला सोळाशेहून अधिक अंश लागतात. म्हणजे भट्टीचे छत वितळेल, पण त्याला वाचवायला बसवलेले बूच वितळणार नाही! राखणदाराचीही राखण करावी लागते ती अशी.

बूचच कशाला, बॉयलरची सगळीच सुरक्षा उपकरणे अशी आतून आंधळी होत जातात. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी वर आणि खाली बारीक छिद्रांनी बॉयलरला जोडलेली असते. खालचे छिद्र क्षारांनी बुजले की नळीत अडकलेले पाणी तेवढेच दिसत राहते आणि आत पातळी मात्र उतरत जाते. काच खोटे बोलत नाही, ती जुनी बातमी सांगत राहते. सुरक्षा झडप वर्षानुवर्षे उघडली नाही तर तिची बैठक गंजून चिकटते. दाबमापकातली वाकडी नळी शिणली की काटा भलताच आकडा दाखवतो.

क्षारांचे हे दुखणे आपल्या घरातही असते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटे चढतात. जड पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर मोडते आणि न विरघळणारे कार्बोनेट खाली बसते. कॅल्शियम सल्फेटचा स्वभाव आणखी विचित्र. मीठ-साखरेच्या उलट, बॉयलरच्या तापमानात पाणी जितके अधिक तापते तितके ते कमी विरघळते. त्यामुळे पत्रा जेथे सर्वाधिक तापलेला, नेमका तेथेच त्याचा थर धरतो. अशा थरातून उष्णता पोलादाच्या मानाने साधारण विसाव्या हिश्श्यानेच वाहते. म्हणजे छतावर भरपूर पाणी असूनही त्या पाण्याचा पत्र्याला उपयोग होईनासा होतो.

बॉयलरच्या दुरुस्तीत चालढकल केली तर काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण १८६५ सालचे आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपत आले होते. दक्षिणेच्या कैदेतून सुटलेल्या उत्तरेच्या सैनिकांना ‘सुलताना’ नावाची आगबोट मिसिसिपी नदीतून घरी नेणार होती. व्हिक्सबर्ग येथे तिच्या एका बॉयलरचा पत्रा फुगून गळत असल्याचे आढळले. फुगलेला पत्रा कापून नवा बसवणे हा योग्य उपाय. पण त्याला काही दिवस लागले असते आणि सरकार माणशी भाडे देत असल्याने तेवढ्यात सैनिक दुसऱ्या बोटीने गेले असते. म्हणून फुगवट्यावर मूळ पत्र्यापेक्षा पातळ पत्र्याचे ठिगळ मारण्यात आले. ३७६ माणसांचा परवाना असलेल्या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे चढली. २७ एप्रिलच्या पहाटे मेम्फिस शहराच्या वरच्या अंगाला बॉयलर फुटले, बोट पेटली आणि अकराशेहून अधिक माणसे भाजून किंवा बुडून मेली. त्या ठिगळाबरोबरच नदीचा गाळ, कमी पाणी, गर्दीने कलणारी बोट अशीही कारणे पुढे सांगितली गेली. आम्हाला त्यांत विसंगती दिसत नाही. राहून गेलेली दुरुस्ती एकटी क्वचितच घात करते. ती आणखी एखाद्या चुकीची वाट पाहत बसते.

याच्या आधीच इंग्लंडमध्ये एक वेगळा विचार रुजू लागला होता. १८५४ साली मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी आणि विल्यम फेअरबेर्न यांच्यासारख्या अभियंत्यांनी बॉयलरचे स्फोट टाळण्यासाठी एक संघ स्थापन केला. वर्गणी भरणाऱ्या सभासदाच्या बॉयलरची संघाचा निरीक्षक ठरावीक काळाने येऊन तपासणी करी. बॉयलर थंड असताना तो आत शिरे, दिव्याच्या उजेडात पत्रे पाही, हातोडीने सळ्या ठोकून आवाज ऐके. धड सळई खणखणते, तुटकी बद्द वाजते. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो तेच तत्त्व. अमेरिकेत हार्टफर्ड येथे १८६६ साली अशीच तपासणी आणि विमा करणारी कंपनी निघाली. तरीही मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन येथे २० मार्च १९०५ रोजी बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे मेली. त्यानंतर मात्र त्या राज्याने नियम केले आणि १९१४-१५ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बॉयलरच्या बांधणीची सर्वमान्य संहिता तयार केली.

आपल्याकडेही साखळी हीच. १८६३ साली कलकत्त्यात मोठा स्फोट होऊन माणसे गेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि १९२३ साली साऱ्या देशाचा एक बॉयलर कायदा आला. त्याच्या मूळ रूपात परवान्याची मुदत बारा महिन्यांहून अधिक नसे. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे सारे पाहायला लांब जावे लागणार नाही. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांचे बॉयलर थंड होतात, त्यांच्या नळ्या आतून घासल्या जातात, तपासणी होते. शरद ऋतूत ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभा’चे फोटो वर्तमानपत्रांत येतात, त्याआधी ही महिनोन् महिन्यांची कामे झालेली असतात. फोटोत अर्थातच हातोडीवाला नसतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा शिस्तीमुळे बॉयलरचे स्फोट दुर्मीळ झाले. आणि नेमक्या त्याच सुमारास वाफेचे दिवस संपत आले. डिझेल आणि वीज यांनी तिची जागा घेतली. मोडीत निघालेली इंजिने काही हौशी लोकांनी भंगाराच्या भावात विकत घेतली. इंग्लंडमध्ये १९५० साली ॲपलफर्ड गावी दोघा मालकांनी बीअरच्या पिंपाची पैज लावून आपल्या ट्रॅक्शन इंजिनांची शर्यत केली आणि तेथून अशा मेळाव्यांची लाटच आली. त्याच वर्षी अमेरिकेत आयोवा राज्यातही जुन्या मळणीयंत्रांचा पहिला मेळावा भरला. वेल्समधील तालिलिन ही छोटी रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवू लागले. हा छंद निर्व्याज होता आणि आजही आहे. आगगाडीच्या इंजिनाला शिट्टी मारायला मिळावी असे लहानपणी कुणाला वाटले नाही?

परंतु इंजिन विकत घेता येते, तसे ते ज्या व्यवस्थेत जगत होते ती विकत घेता येत नाही. लोकोशेडमध्ये बॉयलर धुणारी टोळी असे, बॉयलरचे काम करणारे लोहार असत, पाणी तपासणारा रसायनज्ञ असे, एखादा फोरमन वीस वर्षे तीच काच आणि तीच झडप पाहत असे. हे सारे निवृत्त झाले. शिवाय हौशी इंजिन वर्षात चार-सहा दिवसच पेटते. वापराने यंत्र झिजते हे कुणालाही पटते; न वापरल्याने झिजते हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. रोज तापणाऱ्या बॉयलरातल्या पाण्यातला ऑक्सिजन निघून जातो. वर्षभर उभ्या बॉयलरात तळाशी उरलेले थोडे पाणी आणि वरची हवा मिळून पत्र्याला भोके पाडीत बसतात. भट्टीच्या बाजूला साचलेल्या काजळीत कोळशातला गंधक असतो. दमट हवेत त्याचे आम्ल होते. मालक वर्षाच्या अखेरीस म्हणतो, ‘यंदा फारसे चालवलेच नाही, पुढच्या वर्षी पाहू.’ गंज मात्र सुट्टी घेत नाही.

याची पहिली मोठी सूचना १९९५ साली मिळाली. त्याच वर्षी भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवरून वाफेची इंजिने निवृत्त झाली, हा योगायोग. १६ जून रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात गेटिसबर्गच्या पर्यटन रेल्वेचे, १९४८ साली कॅनडात बनलेले इंजिन तीनशेहून अधिक प्रवासी घेऊन चालले होते. पाणी उतरले आणि भट्टीचे छत फाटले. इंजिनावरचे तिघे भाजले, पण कुणी मेले नाही. चौकशीत जे निघाले ते आपल्या परिचयाचे झाले आहे: काचेच्या जोडांत साचलेला क्षार, देखभालीची हेळसांड, अपुरे शिक्षण. जीव वाचले ते मूळ रचनेमुळे. छताच्या मधल्या काही रांगांतल्या सळ्या मुद्दामच आधी सुटतील अशा बसवलेल्या होत्या. त्यामुळे सगळे छत एकदम न निसटता थोडेसे फाटले आणि वाफ तेवढ्या वाटेने निघून गेली. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या कुणा अभियंत्याने पुढच्या लोकांचा निष्काळजीपणा गृहीत धरला होता, असेच म्हणावे लागेल.

या अपघातानंतर अमेरिकेच्या रेल्वे खात्याने १९९९ साली वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने केले. दर ३१ कामाच्या दिवसांनी बॉयलर धुऊन तपासायचा, १४७२ कामाचे दिवस किंवा १५ वर्षे यांतले जे आधी पूर्ण होईल तेव्हा तो पूर्ण उघडून पाहायचा, पत्र्याची जाडी श्राव्यातीत ध्वनीने मोजायची. हे नियम रेल्वेपुरते होते. शेतातल्या ट्रॅक्टरला ते लागू नव्हते, आणि ओहायो राज्यात छंदाच्या बॉयलरांची तपासणी बंधनकारक नव्हती.

मेडिनाच्या चौकशीत पाणी छताच्या खाली गेल्याचे दिसून आले. छताचा पत्रा गंजून जागोजागी फार पातळ झालेला होता. सळ्यांचे आणि छताचे आटे झिजलेले होते. सुरक्षेच्या उपकरणांवरही विसंबावे अशी स्थिती उरलेली नव्हती. जाड पत्र्याने आणि घट्ट आट्यांनी कदाचित तो प्रसंग निभावला असता. जिवंत बुचाने वेळेवर आरोळी ठोकली असती. १८०३ साली शोधलेला उपाय, १९१५ साली त्याच्याविषयी दिलेला इशारा आणि १९९५ साली मिळालेली ताकीद हे सगळे छापील स्वरूपात उपलब्ध होते. मालकाला इंजिनावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण प्रेमाने पत्र्याची जाडी मोजता येत नाही. त्यानंतर ओहायोने ऐतिहासिक बॉयलरांसाठी स्वतंत्र मंडळ नेमले आणि चालकांना परवाना व बॉयलरना तपासणी सक्तीची केली. काही हौशी मंडळींनी कुरकुर केली, बऱ्याच जणांनी स्वागत केले.

कुरकुरीमागे खर्चाचे कारण होते आणि ते खोटे नाही. इंग्लंडचे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे प्रसिद्ध इंजिन तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २००४ साली २३ लाख पौंडांना घेतले. त्याची दुरुस्ती २००६ साली सुरू झाली, ती २०१६ साली संपली आणि तिला ४२ लाख पौंड लागले. जितके उघडावे तितके आत निघत गेले. एका संग्रहालयाला जे जड गेले, ते एकट्या शेतकऱ्याला किती जड जाईल? म्हणूनच अनेक मेळाव्यांत आता काही इंजिने वाफेविना नुसती उभी करून ठेवतात. आमच्या दृष्टीने त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी वर्गासाठी दोन गोष्टी. ट्रेव्हिथिक यांचे बूच पाहायचे असेल तर प्रेशर कुकरचे झाकण वर्गात आणावे. शिट्टीच्या बाजूला जो छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यात पुष्कळशा कुकरांत लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. पाणी आटून कुकर कोरडा पडला की तो वितळतो. तो वितळल्यावर आई नवा व्हॉल्व्ह आणते की जुन्याच्या जागी काहीतरी ठोकून भागवते, हे मुलांनी घरी विचारून यावे. दुसरे म्हणजे, पाणी तापवण्याच्या हीटरच्या कॉइलवरची एखादी खपली आणून तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. फसफसली तर ती कार्बोनेटची. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडून निवळी दुधाळ होते का ते पाहावे. काहीच फसफसले नाही तर तो बहुधा सल्फेटचा थर, म्हणजे बॉयलरवाले ज्याला सर्वांत जास्त भितात तो. अशी खपली मिळाली तर ती टाकून न देता एका कुपीत ठेवावी आणि कुपीवर पाणी कोणत्या विहिरीचे ते लिहावे.